एका नोंदीवर दोन यानेता

फांगाउली गावाचा पुलेनूउ, म्हणजे सरकारमान्य गावप्रमुख, म्हणून मासोएने अकरा वर्षं काम केलं. सरकारचे निरोप गावाला सांगायचे आणि गावातली जन्ममरणं सरकारच्या वहीत उतरवायची, ही त्याची दोन मुख्य कामं. पहिलं तो झकास करायचा. आवाज खणखणीत होता, गावसभेत उभा राहिला की मागच्या ओळीतले डुलक्या घेणारेसुद्धा जागे व्हायचे. दुसऱ्या कामाची मात्र पंचाईत होती. तरुणपणी सुरुंग टाकून मासे मारताना त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. कशीबशी सही जमायची, तीही जीभ दातात धरून. त्यामुळे वही लिहायची ती त्याची बायको, मातालेना.

मातालेना मिशनच्या शाळेत आठवीपर्यंत शिकलेली होती आणि तिचं अक्षर सुरेख होतं. राजधानी आपियाच्या कचेरीतून एकदा कोणीतरी सांगून पाठवलं होतं की सगळ्या सावाई बेटावर फांगाउलीची वही सगळ्यांत नेटकी असते. मासोएने ते गावभर सांगितलं आणि श्रेय स्वतःकडेच ठेवलं. मातालेना नुसती हसली. नवऱ्याचं नाव झालं की घराचं झालं, असं तिचं तेव्हा मत होतं.

वहीचा रिवाज साधा होता. मूल जन्मलं की आईबापाने येऊन सांगायचं, माणूस गेलं की घरच्यांनी. मातालेना लिहायची, मासोए सही करायचा. दर तीन महिन्यांनी त्याची दुसरी प्रत आणि एक तक्ता बोटीने आपियाला जायचा: इतके जन्म, इतके मृत्यू.

एकोणीसशे अडुसष्टच्या मार्चमध्ये शेजारच्या घरातली सिनिवा पहिलटकरीण बाळंत झाली. मुलगी झाली. सिनिवाच्या सासूचं नाव यानेता. म्हातारीने बाळ हातात घेतलं आणि जाहीर केलं की हिला माझं नाव, दुसरं काही चालायचं नाही. सिनिवाला लिहितावाचता येत नव्हतं. ती बाळ घेऊन मातालेनाच्या फालेत, खांबांवरच्या उघड्या घरात, आली, खांबाला टेकून बसली आणि मातालेना लिहीत असताना पेनाच्या टोकाकडे एकटक बघत राहिली. नऊ मार्च. यानेता. आईचं नाव, बापाचं नाव. मासोएने सही केली आणि एक जन्म सरकारदरबारी पोचला.

नोव्हेंबरात मातालेनाच्या बहिणीचे दिवस भरत आले. बहीण आपियाला राहायची, घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. मातालेना दोन महिन्यांसाठी निघाली. निघायच्या आदल्या दिवशी तिच्या लक्षात आलं की डिसेंबरचा तक्ता तिच्या गैरहजेरीत जायचा आहे आणि मासोएच्या हातून तो लिहून होणं कठीण. तिने तो आगाऊच भरून टाकला. तीन जन्म झाले होते, ते लिहिले. मृत्यूच्या रकान्यात तिने क्षणभर पेन धरला. गावात कोणी आजारी नव्हतं. म्हाताऱ्या यानेताचा दमासुद्धा त्या दिवसांत बरा होता. तिने लिहिलं, ‘नाही’. मासोएने खाली सही केली. रकाना रिकामा ठेवता आला असता. मासोएला एक आकडा घालायला काही जड नव्हतं. पण बोटीची वेळ, बांधाबांध, घरातलं आवरणं, त्या घाईत ते तिला सुचलं नाही.

एकोणीस नोव्हेंबरला सिनिवाची यानेता तीन दिवसांच्या तापाने गेली. आठ महिन्यांची होती. तिला घरासमोरच पुरलं, आमच्याकडे पुरतात तसं, आणि वर समुद्राचे पांढरे गोटे मांडले.

मातालेना जानेवारीत परतली. बोटीच्या धक्क्यावरच मासोएने तिला बातमी सांगितली आणि म्हणाला, ‘नोंद तेवढी करून टाक.’ घरी आल्या आल्या ती आधी सिनिवाकडे गेली, तिच्या गळ्यात पडून रडली. मग घरी येऊन तिने वही काढली आणि मासोएला विचारलं की तक्त्यात मृत्यू वाढवलास ना. मासोए गोंधळला. तू भरला होतास तसाच मी पाठवला, असं म्हणाला.

म्हणजे कोऱ्या दिवसांवर सही केलेला तक्ता आपियाला पोचला होता. आता मृत्यूची नोंद पाठवायची तर तारीख नोव्हेंबरची घालावी लागणार आणि कचेरीत कोणी दोन्ही कागद शेजारी ठेवले की पहिला प्रश्न येणार तो मासोएला: मृत्यू झाला असताना ‘नाही’ वर सही कशी केली? जिल्ह्याचा तपासनीस कडक होता. आदल्याच वर्षी पलीकडच्या गावच्या पुलेनूउला त्याने असल्याच एका गफलतीसाठी घरी बसवलं होतं. मातालेनाने ठरवलं की थोडं थांबू, पुढच्या तक्त्याच्या वेळी काहीतरी वाट काढू. मासोएला म्हणाली, ‘बघते मी.’ तो निर्धास्त झाला. पुढचा तक्ता आला आणि गेला. नंतर ती गोष्ट तशीच राहिली, शेजारणीचं भांडं परत करायचं राहून जावं आणि मग लाजेखातर परत करताच येऊ नये, तशी.

सत्तरच्या ऑगस्टमध्ये सिनिवाला दुसरी मुलगी झाली. म्हातारी यानेता तोवर अंथरुणाला खिळली होती. आपलं नाव मातीत गेलं हे तिच्या मनाला लागून राहिलं होतं. हिलाही तेच नाव ठेवा, म्हणाली. ठेवलं.

सिनिवा बाळाला घेऊन आली, टोपलीभर तारोचे कंद घेऊन. त्याच खांबाला टेकून बसली. मातालेनाने वही उघडली. दोन वर्षांमागचं पान तिने उलटून पाहिलं आणि तिचा हात थांबला. यानेता. आई सिनिवा. बाप तोच. त्याच आईबापांची त्याच नावाची एक मुलगी वहीत जिवंत होती. दुसरी लिहिली की कचेरी विचारणार, एका घरात दोन यानेता कशा? मग पहिलीचं मरण उघडं पडणार, मग तक्ता, मग मासोएची सही.

‘उद्या लिहिते,’ ती म्हणाली. ‘पेनातली शाई संपलीय.’

शाई संपली नव्हती. सिनिवाने मान डोलावली, बाळाला पाजलं आणि उठून गेली. तिने परत कधी विचारलं नाही. मातालेनासारख्या बाईने लिहिते म्हटलं म्हणजे लिहिलंच असणार.

पुढची पाच वर्षं काही झालं नाही. सिनिवाच्या घरासमोरचे पांढरे गोटे मातालेनाला रोज दिसायचे, कारण तिच्या फालेतून समोर तेच दिसत. ऑक्टोबरातल्या मुलांच्या रविवारी सगळ्या गावची पोरं पांढरे कपडे घालून चर्चमध्ये पाठांतर म्हणत, तेव्हा सिनिवा निघण्याआधी त्या गोट्यांवर फुलं ठेवायची. मातालेना त्या दिवशी चर्चला मागच्या वाटेने जाई.

शहात्तर साली धाकटी यानेता शाळेत घालायची वेळ आली. मास्तरांनी जन्माचा कागद मागितला. सिनिवा मातालेनाकडे आली. या वेळी उद्यावर ढकलता येईना, कारण मास्तर दारात उभे होते. मातालेनाने वहीतून नक्कल काढली. वहीत एकच यानेता होती. नऊ मार्च एकोणीसशे अडुसष्ट. कागद तिने सिनिवाच्या हातात दिला. सिनिवाने तो उलटा धरून कौतुकाने पाहिला आणि मास्तरांना दिला.

साडेपाच वर्षांची मुलगी कागदावर जवळजवळ आठ वर्षांची निघाली. मास्तर म्हणाले, इतका उशीर का केला, आणि तिला थेट वरच्या वर्गात बसवलं. बाकीच्या पोरांना पाढे येत होते, यानेताला पाटीवर रेघ सरळ येत नव्हती. वर्षभरात ती गावात मठ्ठ म्हणून ठरली. पोरं चिडवायची, मास्तर वैतागून तिला वर्गाबाहेर ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली उभं करायचे. सिनिवा म्हणायची, हिचं डोकं माझ्यावर गेलंय, काय करणार.

मातालेनाला हे बघवेना. ती दुपारी यानेताला आपल्याकडे बोलवायची, पानीकेके, पिठाचे गोड गोळे, गरम गरम तळून द्यायची, शेजारी बसवून अक्षरं गिरवून घ्यायची. मुलगी मुळीच मठ्ठ नव्हती. तिला फक्त दोन वर्षं कमी मिळाली होती. पण हे सांगायचं कोणाला आणि कोणत्या तोंडाने? गाव म्हणायचं, मातालेनाचा या पोरीवर फार जीव. तिच्या स्वतःच्या मुलग्यांनाही ती इतकं जपत नाही. यानेता तिला मातालेनाआई म्हणू लागली. गावात सगळीच पोरं म्हाताऱ्यांना आई म्हणतात, पण मातालेना तेव्हा जेमतेम बत्तीस वर्षांची होती. लाडाची म्हणून हाक होती ती. सुरुवातीला मातालेनाला त्या हाकेचा चटका बसायचा. नंतर नंतर खरोखरच जीव जडला, आणि मग अपराध कुठे संपतो आणि माया कुठे सुरू होते, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

यानेताने आठवीत शाळा सोडली. लग्न केलं. नवरा फेरेती, सुताराचं काम करायचा, चांगला माणूस. चार मुलं झाली. तिच्या वयाचा घोळ घरात सगळ्यांना ठाऊक होता, पण तो थट्टेचा विषय होता. चुलतबहीण लांगी तिच्याहून थोरली, कागदावर मात्र यानेता थोरली. लग्नकार्यात लांगी मुद्दाम तिच्यापुढे वाकून मान द्यायचं सोंग करायची. आमच्या बेटावर कागद आणि माणूस यांचं नेहमीच थोडं वाकडं असतं, त्यामुळे कोणी खोलात गेलं नाही. मासोए नव्व्याण्णव साली वारला. त्याच्याआधीच नोंदणीचं काम पुलेनूउंकडून काढून आपियाला नेलं होतं, आणि गावची वहीही तिकडेच गेली होती. मातालेनाला वाटलं, संपलं. मासोएबरोबरच ते पुरलं गेलं.

दोन हजार चौदा साली यानेताने न्यूझीलंडच्या सोडतीत नाव घालायचं ठरवलं. दरवर्षी इथली हजारो माणसं नावं घालतात. ज्याचं निघेल त्याला नोकरी शोधून बायकामुलांसकट तिकडे राहायला जाता येतं. वयाची अट अठरा ते पंचेचाळीस. फेरेती पन्नाशीचा, त्याची वेळ टळलेली होती. यानेता मात्र पक्की होती, मोठी मुलगी हुशार आहे, तिला तिकडे शिकवू, म्हणत होती. ती जन्माचा कागद घेऊन अर्ज भरायला गेली आणि भरून देणाऱ्या माणसाने कागद बघून मान हलवली. शेहेचाळीस पूर्ण. बाई, तुमचं वय गेलं.

ती घरी येऊन आईसमोर बसली आणि रडली. सिनिवा तेव्हा बहात्तर वर्षांची होती. तिने पहिल्यांदाच तारीख नीट विचारली. नऊ मार्च म्हटल्याबरोबर तिच्या हातातली विणायची पट्टी गळून पडली. ऑगस्टात, पावट्यासारख्या टपोऱ्या पावसात जन्मलेली तिची लेक. मार्च म्हणजे ती. पहिली.

दुसऱ्या दिवसापर्यंत गावभर झालं होतं. आणि गावाने दोष कोणावर ठेवायचा हेही ठरवून टाकलं होतं. मासोए. मातालेनाने नीटच लिहिलं असणार, आपियाला पाठवताना घोळ त्याने घातला; लिहिण्याच्या नावाने बोंब होती त्याची, दोन बोटं नसताना काय वही सांभाळणार, दारूही घ्यायचा थोडी. मातालेनाच्या कानावर हे विहिरीपाशी आलं, चर्चच्या पायऱ्यांवर आलं. कोणी तिच्याकडे बोट दाखवत नव्हतं. उलट, बिचारीला नवऱ्याच्या चुका ऐकाव्या लागतात म्हणून हळहळत होते.

तिचा थोरला मुलगा पेलेनातो आता घराण्याचा मताई, म्हणजे कुटुंबप्रमुख, होता, बापाचंच पद चालवत होता. तिने त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘आई, बाबा दगडाखाली आहेत. त्यांना आता काही लागत नाही. तुला इथे राहायचंय.’

‘त्याच्या नावाला लागतं,’ ती म्हणाली.

‘त्यांनीच सही केली होती.’

‘न वाचता. माझ्यावर भरवसा होता म्हणून.’

पेलेनातोने तिला परोपरीने समजावलं. यानेताला मदत करू, पाद्र्याकडच्या बाप्तिस्म्याच्या वहीत दोघींची नावं असतील, त्यावरून कागद दुरुस्त होईल, तू मध्ये कशाला पडतेस? त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तिने बोलण्याची गरजच नव्हती, आणि हेच तिला सगळ्यात जास्त छळत होतं. चव्वेचाळीस वर्षं ती याच वाटेने सुटत आली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती सिनिवाच्या फालेत गेली. सिनिवा चटईच्या पट्ट्या सोलत बसली होती, यानेता इस्त्री करत होती. यानेताने उठून तिच्यासाठी चटई अंथरली, म्हणाली, ‘ये गं मातालेनाआई, कोको टाकते.’ मातालेना चटईवर बसली नाही. ती फालेच्या कडेला, चटई नसलेल्या जमिनीवरच्या गोट्यांवर बसली, जिथे आमच्याकडे माफी मागायला आलेला गुन्हेगार बसतो. सिनिवाने हातातलं काम खाली ठेवलं.

मातालेनाने आडवळण घेतलं नाही. आगाऊ भरलेला तक्ता, ‘नाही’ हा शब्द, शाई न संपलेला पेन, शाळेचा कागद, सगळं क्रमाने सांगितलं. नोंद राहूनच गेली हे मासोएला माहीत नव्हतं, हे दोनदा सांगितलं. बोलताना तिचा आवाज एकदाही चढला नाही की फाटला नाही, आणि त्याचीच तिला नंतर लाज वाटली, की इतकं तयार होतं ते बोलणं.

सिनिवाने एकच विचारलं. ‘म्हणजे माझी पोर गेली, हे तू लिहिलंच नाहीस?’

‘नाही.’

‘मी इतकी वर्षं समजत होते, लिहिलंय कुठेतरी. आपियाला कुठल्यातरी कपाटात माझी यानेता आहे. आठ महिने जगली म्हणून.’ ती अंगणातल्या गोट्यांकडे बघत म्हणाली. न्यूझीलंडचं तिने नावही काढलं नाही.

यानेताने इस्त्री उभी करून ठेवली. सोडतीबद्दल ओरडेल, अशी मातालेनाने मनाची तयारी केली होती. ती ओरडली नाही. हळूच विचारलं, ‘शाळेत मी पाच वर्षांची होते?’

‘साडेपाच.’

‘आणि बाकीची आठची.’ तिने मान हलवली. ‘मला वाटायचं, देवानेच मला कमी दिलंय. माझ्या पोरांना शिकवायला बसताना अजून भीती वाटते, चुकले तर हसतील.’ मग ती थांबली, आणि पुढचं बोलताना तिने पहिल्यांदाच मातालेनाला परक्यासारखं अहोजाहो केलं. ‘म्हणून लाड करत होतात का तुम्ही माझे?’

हो म्हणावं तर मातालेनाची पस्तीस वर्षांची माया खोटी ठरत होती, नाही म्हणावं तर तेही खोटंच. कोको आला नाही. शेवटी सिनिवाच म्हणाली, ‘ऊठ, मातालेना. गोटे टोचतात. आपियाला कधी जायचं ते सांग.’

पुढच्या आठवड्यात तिघी बोटीने गेल्या. पाद्र्याने बाप्तिस्म्याच्या आणि दफनाच्या वहीतले उतारे लिहून दिले होते. दोन बाप्तिस्मे, एक दफन, सगळं तारीखवार. देवाच्या वहीत घोळ नव्हता. समुद्र खवळलेला होता, मातालेनाला उलट्या झाल्या. यानेताने न बोलता तिच्यापुढे पिशवी धरली, पाणी दिलं, आणि परत जाऊन आईशेजारी बसली.

कचेरीतली मुलगी तरुण होती, समजूतदार होती. तिने तिघींना खुर्च्या दिल्या आणि दोन अर्ज पुढे ठेवले: आधी थोरलीच्या मृत्यूची उशिराची नोंद, मग धाकटीच्या जन्माची. मृत्यूचं कारण विचारलं. सिनिवा म्हणाली, ‘ताप. तीन दिवस. चौथ्या सकाळी दूध घेतलं नाही.’ मुलीने फक्त ‘ताप’ लिहिलं. मग उशिराचं कारण असा रकाना आला. तिने लिहिलं, तत्कालीन पुलेनूउकडून नोंद राहून गेली.

मातालेना उठून तिच्या टेबलाशी गेली. तसं लिहू नकोस, म्हणाली. चूक माझी आहे, माझं नाव लिही.

‘आजी, तुमची नेमणूक होती का?’ मुलीने विचारलं.

‘नाही. लिहीत मी होते.’

‘मग या रकान्यात तुमचं नाव बसत नाही. सही ज्याची, जबाबदारी त्याची. तुम्ही वेगळं प्रतिज्ञापत्र द्या, मी फायलीत लावते.’

मातालेनाने पुन्हा पुन्हा विनवलं. मुलीने वरच्या साहेबाला विचारून येते म्हटलं, गेली, आली आणि तेच सांगितलं. मग मातालेनाने प्रतिज्ञापत्र लिहिलं, स्वतःच्या हाताने, त्याच सुरेख अक्षरात, अडीच पानं. ते फायलीत लागलं. दाखल्यावर मात छापून आलं ते मासोएचं पद. ज्या एका माणसाला वाचवायला तिने सगळं केलं होतं, त्याच्याच माथी सरकारने ते कायमचं मारलं, आणि तिने दिलेली कबुली कपाटात बंद झाली.

म्हणून परतल्यावर तिने बायकांच्या कमिटीच्या बैठकीत उभं राहून सगळ्यांदेखत सांगितलं. पेलेनातोला ते आवडलं नाही, महिनाभर तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. काही बायका रडल्या. काहींनी नंतर तिला स्वयंपाकाच्या पाळीतून हळूच वगळलं. एक म्हातारी म्हणाली की इतक्या वर्षांनी कशाला उकरलंस, आता मासोएला नावं ठेवायची सवय झाली होती आम्हाला. हसावं की रडावं, मातालेनाला कळेना.

यानेताचा दाखला पाचव्या महिन्यात आला. दोन ऑगस्ट एकोणीसशे सत्तर. पण त्या वर्षीची सोडत होऊन गेली होती. पुढच्या वर्षी तिने नाव घातलं, निघालं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी घातलं, तेव्हाही नाही. मग तिला खरोखरची शेहेचाळीस वर्षं पूर्ण झाली. त्या हुकलेल्या वर्षी निघालंच असतं असं कोणी म्हणू शकत नाही. निघालं नसतं असंही नाही. मातालेना दोन्ही बाजूंनी हिशेब मांडायची, आणि दरवेळी तो तिच्याच अंगावर यायचा.

थोरलीच्या मृत्यूचा दाखला सिनिवाने बायबलात ठेवला. तिला तो वाचता येत नव्हता. घरात वाचणारे होते, पण ती दर महिन्या-दोन महिन्यांनी तो छातीशी धरून मातालेनाकडेच यायची आणि म्हणायची, वाच. मातालेना वाचायची. नाव, यानेता. वय, आठ महिने. मृत्यूची तारीख. कारण, ताप. पुढच्या रकान्यापाशी ती अडखळायची. पहिल्यांदा तिने छापलं होतं तसं वाचलं. दुसऱ्या वेळी तिने पुलेनूउच्या जागी आपलं नाव घातलं आणि वाचलं, मातालेनाकडून नोंद राहून गेली. सिनिवाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ‘ते नको वाचू,’ म्हणाली. ‘वरचंच पुन्हा वाच. किती महिने लिहिलेत?’

‘आठ.’

‘आठ,’ सिनिवा म्हणाली, आणि कागदाची घडी केली.

सिनिवाने तिला माफ केलं का, हे मातालेनाने कधी विचारलं नाही. यानेताही तुटून वागली नाही. मातालेनाचा पाय सुजला तेव्हा तिनेच दवाखान्यात नेलं, सणाला तारोमासळीचं ताट पाठवलं. पण हाक परत पहिल्यासारखी झाली नाही.

दोन हजार अठरात यानेताच्या थोरल्या मुलीला मुलगा झाला, बेटावरच्याच हॉस्पिटलात. सिनिवा दुसऱ्या दिवशी मातालेनाकडे सांगत आली. यानेता म्हणे नोंदणीच्या खिडकीशी सकाळी सातला जाऊन उभी राहिली होती, खिडकी उघडायच्या दीड तास आधी. कागद हातात मिळेपर्यंत हलली नाही. मिळाल्यावर तिथेच उभं राहून एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि मागे रांगेतली माणसं कुरकुरली तेव्हा त्यांना म्हणाली की थांबा जरा, माझं लहानपणी चुकलं होतं.

सांगताना सिनिवा हसत होती. मातालेनाही हसली. सिनिवा गेल्यावर सुनेने जेवायला हाक मारली, तेव्हा तिने भूक नाही म्हणून सांगितलं आणि समोरच्या पांढऱ्या गोट्यांकडे बघत बसून राहिली.